घरातला दुहेरी खून: तपास कुठे अडतो, आणि फाइल खरोखर बंद होते का?

पती आणि पत्नी दोघांचाही राहत्या घरात खून झाला, महिने उलटले आणि आरोपी मिळाला नाही, अशी बातमी आली की पुण्यात सर्वांत आधी धास्तावतात ते कोथरूड, कर्वेनगर, औंध अशा भागांत दोघेच राहणारे ज्येष्ठ आणि परदेशातून रोज फोन करणारी त्यांची मुले. काही दिवसांनी भीतीची जागा राग घेतो आणि ‘पोलिसांनी फाइल बंद केली’ असे जो तो म्हणू लागतो. भीती आणि राग दोन्ही समजण्यासारखे आहेत, परंतु फाइल बंद होण्याबद्दलचा हा समज बराचसा चुकीचा आहे, आणि त्यापायी नातेवाईक आपल्या हातातले कायदेशीर हक्क न वापरताच हताश होतात. असा तपास मुळात इतका अवघड का असतो, तो थांबतो म्हणजे काय होते आणि थांबलेला तपास पुन्हा कसा सुरू होतो, हे म्हणूनच नीट समजून घ्यायला हवे.

घरात एकाच व्यक्तीचा संशयास्पद मृत्यू झाला, तर निदान प्रश्न कोणाला विचारायचे हे तपासी अंमलदाराला ठाऊक असते. घराच्या चार भिंतींआड पत्नीचा खून झाला आणि त्या वेळी पती घरातच होता, तर काय घडले याचा खुलासा त्याने करावा अशी न्यायालयाची अपेक्षा असते. पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम १०६, म्हणजेच आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १०९, यासाठीच आहे, आणि ‘त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, अशा वेळी आरोपीने खुलासा दिला नाही किंवा खोटा दिला, तर तो त्याच्याविरुद्धच्या पुराव्यांच्या साखळीतला आणखी एक दुवा ठरतो. दोघेही मारले गेले असतील आणि घरात तिसरे कोणी राहत नसेल, तर खुलासा मागायचा कोणाकडे? त्या घराबद्दलची सारी माहिती त्या दोघांबरोबरच गेलेली असते. कपाटात दागिने किती होते, रोख रक्कम कुठे ठेवत, किल्ल्यांचा दुसरा जुडगा कोणाकडे होता, त्या दिवशी संध्याकाळी कोण येणार होते, हे सांगणारे कोणी उरत नाही. काय चोरीला गेले हेच ठरवता येत नसेल, तर खून चोरीसाठी झाला की चोरीचा नुसता देखावा केला गेला, हेही ठरवता येत नाही.

दुसरी अडचण घर या जागेचीच आहे. निर्जन माळरानावर ओळखीच्या माणसाच्या बोटाचा ठसा मिळाला तर त्याला तिथे येण्याचे कारण सांगावे लागते. घरात मात्र स्वयंपाकाच्या मावशी, दूध टाकणारा, प्लंबर, शेजारी, भाचे-पुतणे अशा अनेकांचे ठसे आणि केस असणारच, आणि त्या प्रत्येकाकडे तिथे येऊन गेल्याचे साधे, खरे कारण असते. गुन्हेगार जागेवर काही ना काही सोडतो आणि तिथले काही घेऊन जातो, हे फ्रेंच तज्ज्ञ एडमंड लोकार यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व घरालाही लागू आहेच, पण इथे नुसता ठसा मिळून भागत नाही, तो नेमका कुठे मिळाला यावर सगळे अवलंबून असते. बैठकीच्या खोलीतल्या टेबलावरचा ठसा काहीही सांगत नाही. तोच ठसा लॉकरच्या आतल्या पत्र्यावर किंवा ओल्या रक्तात उमटलेला असेल, तर त्याच माणसाला खुलासा करणे जड जाते.

म्हणूनच पहिल्या काही तासांत केलेले काम पुढे वर्षानुवर्षे पुरते, किंवा पुरत नाही. घराबाहेर जमलेली गर्दी आत शिरली, कोणी मदतीच्या भावनेने मृतदेहावर चादर टाकली, कोणी फरशी पुसून घेतली, तर जे गेले ते गेले. नोएडातले २००८ चे आरुषी-हेमराज प्रकरण याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. आरुषी या मुलीचा मृतदेह १६ मे रोजी घरात सापडला, घरात माणसांची ये-जा सुरू राहिली, आणि त्याच घराच्या गच्चीवर पडलेला घरगडी हेमराजचा मृतदेह पोलिसांना दुसऱ्या दिवशी मिळाला, तोवर पहिल्या खुनाचा संशय त्या दुसऱ्या मृतावरच घेतला जात होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने प्रत्यक्ष जागेवर जाऊन पुरावे गोळा करावेत आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, अशी तरतूद आली आहे. ती पूर्णपणे अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली असली, तरी माझ्या मते खुनाच्या तपासाबाबत नव्या कायद्यातली ही सर्वांत मोलाची सुधारणा आहे.

जागेवर पोचल्यावर पोलिसांसमोरचा पहिला प्रश्न ‘खुनी कोण’ हा नसतो. हा दुहेरी खून आहे, की एकाने दुसऱ्याला मारून स्वतःचे जीवन संपवले, हे आधी ठरवावे लागते. मरणोत्तर पंचनामा आणि त्यानंतरचे शवविच्छेदन यांचा सुरुवातीचा भर यावरच असतो. गळफासाचा व्रण बहुधा तिरका, कानाकडे वर चढत जाणारा असतो, तर गळा आवळल्याचा व्रण बहुधा आडवा आणि मानेभोवती सलग असतो. प्रतिकार करताना तळहातांवर आणि हाताच्या पुढच्या भागावर होणाऱ्या जखमा वेगळ्या दिसतात, आणि स्वतःवर वार करणाऱ्याच्या अंगावर मुख्य घावाशेजारी दिसणारे उथळ, अडखळते ओरखडे वेगळे दिसतात. यांतली एकेक खूण एकटी निर्णायक नसते, म्हणून डॉक्टर सगळ्या खुणा एकत्र ठेवून मत देतात, आणि विषप्रयोगाची शक्यता असेल तर व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवतात. त्याचा अहवाल, म्हणजे पोलीस ठाण्याच्या भाषेत सी.ए. (रासायनिक विश्लेषक) रिपोर्ट, येईपर्यंत हे मत अपुरेच राहते.

इथे एक बारकी गोष्ट मुद्दाम जवळून पाहण्यासारखी आहे. ‘दार आतून बंद होते’ हे वाक्य बातम्यांत फार सहज येते, आणि त्यावरून लोक परस्पर निष्कर्ष काढतात. पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटच्या मुख्य दाराला नाइट लॅच असते. बाहेर पडणाऱ्याने दार नुसते ओढून घेतले तरी ते लागते आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. आतली कडी किंवा वरचा बोल्ट मात्र आत असलेल्या माणसालाच सरकवता येतो. त्यामुळे दार लॅचने बंद होते की कडी लावलेली होती, हे पंचनाम्यात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर दुहेरी खून की खून आणि आत्महत्या, या प्रश्नाचे उत्तर कायमचे अधांतरी राहू शकते. दार फोडून आत गेलेल्या शेजाऱ्यांचा जबाब म्हणूनच लवकर आणि नेमका घ्यावा लागतो. दार फुटताना कडीचे स्क्रू चौकटीतून उपसून आले का, एवढ्या साध्या निरीक्षणावर खटल्याची दिशा ठरू शकते.

मृत्यूची वेळ ठरवणे हे लोकांना वाटते तितके अचूक काम नाही. शरीराचे तापमान, ताठरता, रक्त साकळण्याच्या खुणा, पोटातल्या अन्नाची स्थिती यांवरून काही तासांचा पल्ला सांगता येतो, घड्याळातली वेळ सांगता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा शरीर वेगाने कुजते, आणि एकाच घरात एक मृतदेह पंख्याखाली आणि दुसरा बंद, कोंदट खोलीत असेल, तर दोघांची अवस्था वेगवेगळी दिसते. त्यावरून दोघे वेगवेगळ्या वेळी गेले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. अशा वेळी वैद्यकीय मताला घरातल्या खुणांची जोड द्यावी लागते: दारातल्या पिशवीत तशीच राहिलेली दुधाची पिशवी आणि तिच्यावरची तारीख, न उचललेले वर्तमानपत्र, फोनवर शेवटचा वाचलेला आणि पहिला न वाचलेला संदेश. यांतून निघणारी वेळ कित्येकदा शवविच्छेदनाच्या अंदाजापेक्षा नेमकी असते.

दोघांपैकी आधी कोण गेले, हा प्रश्न तपासाला आवश्यक असतोच. एकाच हत्याराने दोघांवर वार झाले असतील, तर पहिल्याचे रक्त हत्याराबरोबर दुसऱ्याच्या जखमेपर्यंत पोचू शकते, आणि डीएनए चाचणीतून हा क्रम उलगडण्याची शक्यता असते. लक्ष्य नेमके कोण होते आणि कोण केवळ तिथे असल्यामुळे मारले गेले, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. पण या प्रश्नाची एक दिवाणी बाजूही आहे, आणि तिची कल्पना नातेवाइकांना सहसा नसते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २१ प्रमाणे, दोघांपैकी आधी कोण मरण पावले हे ठरवता येत नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत वयाने लहान व्यक्ती मोठ्या व्यक्तीनंतर गेली असे वारसाहक्कापुरते गृहीत धरले जाते. समजा, पतीने मृत्युपत्रात आपला फ्लॅट पत्नीला दिला आहे, आणि वयाने लहान असलेल्या पत्नीने आपले सर्व काही स्वतःच्या बहिणीला दिले आहे. कलम २१ मुळे तो फ्लॅट आधी पत्नीचा आणि तिच्यामार्फत बहिणीचा होतो. शवविच्छेदनातून पत्नी आधी गेल्याचे सिद्ध झाले, तर तोच फ्लॅट पतीच्या वारसांकडे राहतो. आणि खून वारसांपैकीच कोणी केला किंवा त्याला मदत केली असे ठरले, तर कलम २५ त्या व्यक्तीला त्या मालमत्तेच्या वारसाहक्कातून बाद करते. मालमत्तेच्या वाटपाची घाई करणाऱ्या नातेवाइकांकडे पोलीस बारकाईने पाहतात, त्यामागे हेही एक कारण असते. अर्थात घाई म्हणजे गुन्हा नव्हे.

प्रत्यक्ष पाहणारा कोणी नसल्यामुळे असा खटला जवळजवळ नेहमीच परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा राहतो. या पुराव्याचे जे निकष आज देशभरातली न्यायालये लावतात, ते पुण्यातल्याच एका प्रकरणातून आलेले आहेत. १९८२ साली पुण्यात एका विवाहितेचा विषाने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा दिली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. ‘शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९८४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली आणि पाच अटी घालून दिल्या. त्यांचा गाभा असा, की प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली हवी, त्या साऱ्या मिळून फक्त आरोपीच्या दोषाशीच जुळायला हव्यात, आणि त्यांची साखळी अशी सलग हवी की दुसरी कोणतीही वाजवी शक्यता उरू नये. ‘यानेच केले असावे’ आणि ‘यानेच केले’ यांच्यातले अंतर पुराव्याने भरून काढावे लागते. पोलिसांना मनोमन खुनी ठाऊक आहे पण ते काही करत नाहीत, अशी चर्चा कानावर येते, तेव्हा बहुधा याच अंतरात तपास अडकलेला असतो.

सोसायटीच्या गटांवर अशा वेळी जे लिहिले जाते, ते वाचून मला फार वाईट वाटते. घरकाम करणाऱ्या मावशी, रखवालदार, नुकताच येऊन गेलेला सुतार यांच्याकडे पहिले बोट जाते, कारण ते गरीब असतात आणि उलट उत्तर देऊ शकत नाहीत. संशयावरून कोणाची चौकशी करणे हे पोलिसांचे काम आहे, आणि त्यालाही सीमा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात ठरवून दिल्याप्रमाणे नार्को, ब्रेन मॅपिंग किंवा पॉलिग्राफ चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, आणि पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. त्या जबाबामुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरता भाग ग्राह्य धरला जातो.

आता थांबलेल्या तपासाकडे येऊ. सर्व मार्ग तपासूनही आरोपी मिळाला नाही, तर पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अंतिम अहवाल पाठवतात. महाराष्ट्रात त्याला ‘अ समरी’ म्हणतात. गुन्हा खरा घडलेला आहे, पण उघडकीस आलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. फिर्याद जाणूनबुजून खोटी असेल तर ‘ब समरी’, आणि गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तर ‘क समरी’ होते. ‘अ समरी’ मंजूर झाली म्हणून आरोपी सुटला असे होत नाही, कारण आरोपी ठरलेलाच नसतो. खुनाच्या गुन्ह्याला मुदतीची मर्यादाही नाही. दखल घेण्याची कालमर्यादा कायद्याने फक्त तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना घातलेली आहे. नवा धागा मिळाला की पोलिसांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(९) खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३(८) खाली, पुढील तपास करता येतो, मग मध्ये दहा वर्षे गेलेली असोत की वीस.

अशी समरी न्यायालयाने डोळे झाकून स्वीकारायची नसते. भगवंत सिंग खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की तपास बंद करण्याचा अहवाल आल्यावर फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. फिर्यादी निषेध अर्ज, म्हणजे वकिलांच्या बोलीत प्रोटेस्ट पिटिशन, देऊ शकतो, आणि दंडाधिकारी पुढील तपासाचा आदेश देऊ शकतात. ही केवळ कागदावरची सोय नाही. नोएडाच्या प्रकरणात सीबीआयने डिसेंबर २०१० मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल दिला होता आणि फेब्रुवारी २०११ मध्ये न्यायालयाने तो नाकारून खटला चालवला. आरुषीच्या आईवडिलांना २०१३ मध्ये झालेली शिक्षा २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने रद्द केली आणि खुनी कोण हे अनुत्तरितच राहिले. न्यायालयाला अहवाल नाकारण्याचा अधिकार असला, तरी पहिल्या दिवशी हरवलेला पुरावा त्या अधिकाराने परत येत नाही, हेही त्याच प्रकरणात दिसले.

पुण्याने याच्या उलटही पाहिलेले आहे. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी जोशी दांपत्य आणि त्यांचा मुलगा यांचा घरातच खून झाला, १ डिसेंबरला अभ्यंकर कुटुंबाच्या घरी पाच जणांची हत्या झाली, आणि कित्येक महिने पोलिसांच्या हाती काहीही नव्हते. अंधार पडला की शहराचे रस्ते ओस पडत, ही आठवण त्या पिढीतले लोक आजही सांगतात. मार्च १९७७ मध्ये आणखी एका तरुणाचा खून झाला, त्याचा नदीत टाकलेला मृतदेह वर आला, आणि तिथून धागा सापडून महिनाअखेरीस टोळी पकडली गेली. टोळीतलाच एक जण माफीचा साक्षीदार झाला आणि चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात फाशी झाली. या तपासातून दिसते ते असे, की न उलगडलेल्या गुन्ह्याची उकल अनेकदा त्याच गुन्ह्याच्या कागदांत नसते, ती दुसऱ्या गुन्ह्यातून येते. आज हे काम यंत्रांमुळे सोपे होऊ शकते. जागेवर मिळालेला अनोळखी ठसा २०२२ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय ठसे प्रणालीत ताडून पाहता येतो, आणि वर्षांनंतर दुसऱ्याच गुन्ह्यात पकडलेल्या माणसाशी तो जुळू शकतो. अट एकच, मूळ ठसा नीट घेतलेला आणि जपलेला असला पाहिजे.

म्हणून मृतांच्या मुलांनी किंवा जवळच्या वारसांनी काही गोष्टी वेळेत कराव्यात. कायद्याच्या व्याख्येत वारसही ‘पीडित’ असतात, त्यामुळे एफआयआरची प्रत विनामूल्य मागता येते, आणि कलम १९३(३) प्रमाणे तपासाची प्रगती नव्वद दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती कळवली गेली नाही तर लेखी विचारावे, तोंडी विचारून काही उरत नाही. सोसायटीचे आणि समोरच्या दुकानांचे सीसीटीव्ही चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाऊन त्यावर नवे चढते, तेव्हा ते ताब्यात घेण्याची विनंती पहिल्याच आठवड्यात करावी. घरातल्या मौल्यवान वस्तूंची, त्यांच्या जुन्या फोटोंसह आणि सराफाच्या पावत्यांसह, यादी करून द्यावी, कारण चोरलेला दागिना विकायला आला तर तो ओळखणारे आता फक्त नातेवाईकच असतात. ‘अ समरी’ मंजूर होत असेल, तर रक्ताचे नमुने, कपडे, ठसे असा मुद्देमाल नष्ट न करता जतन करावा, अशी मागणी त्याच न्यायालयात लेखी करावी. याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही आणि पुढे उकलीची वेळ येते तेव्हा तपासायला काहीच शिल्लक नसते. तपासात उघड हलगर्जी झाली असेल, तर तो राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे किंवा सीबीआयकडे द्यावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, मात्र केवळ आरोपी मिळाला नाही एवढ्यावर न्यायालय तपास दुसरीकडे सोपवत नाही.

आणि आरोपी सापडला नाही म्हणून नुकसानभरपाई मिळत नाही, हाही एक गैरसमज आहे. त्याच संहितेचे कलम ३९६(४), म्हणजे जुने ३५७अ(४), नेमके याच परिस्थितीसाठी आहे: गुन्हेगाराचा माग लागला नाही आणि खटला उभा राहिला नाही, तरी पीडिताचे अवलंबित जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करू शकतात. आईवडिलांवर अवलंबून असलेला दिव्यांग मुलगा, शिकत असलेली मुलगी किंवा त्यांच्याच आधाराने राहणारी आजी मागे राहिली असेल, तर हा अर्ज खुनी सापडण्याची वाट न पाहता करावा, आणि वकील परवडत नसेल तर तोही याच प्राधिकरणाकडे मागावा.